नोटांची पोती, हिटलर आणि मधली गाळलेली दहा वर्षं

नोटांनी भरलेल्या ढकलगाडीचा तो कृष्णधवल फोटो परत फिरतोय. खाली मजकूर असा: 'जर्मनीत पावासाठी पोतंभर नोटा लागायच्या. पुढारी हातावर हात ठेवून बसले. वैतागून लोकांनी हिटलरला निवडून दिलं आणि त्याने चलन ताळ्यावर आणलं.' पहिलं वाक्य ठीक. बाकीचं तपासू.

पुढारी बसून होते? जानेवारी 1923 मध्ये फ्रान्स-बेल्जियमच्या फौजा रूर खोऱ्यात, म्हणजे जर्मनीच्या कोळसा-पोलादाच्या पट्ट्यात घुसल्या. तिथल्या कामगारांनी असहकार पुकारला आणि सरकार नोटा छापून त्यांना पोसू लागलं. घाईत कित्येक नोटा एकाच बाजूने छापल्या गेल्या, मागची बाजू कोरी. ऑगस्टमध्ये गुस्ताव स्ट्रेसमान चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख झाले. वडील बर्लिनमध्ये बिअरचे व्यापारी, आणि चिरंजीवांची डॉक्टरेटही बर्लिनच्या बाटलीबंद बिअरच्या धंद्यावर! 26 सप्टेंबरला त्यांनी असहकार मागे घेतला. उजव्यांनी गद्दार म्हटलं. 15 नोव्हेंबरला रेंटेनमार्क हे नवं चलन आलं. सातबाऱ्यावर बोजा चढवतात तसा जमिनी आणि कारखान्यांवर बोजा चढवून त्याला तारण दिलं. एक रेंटेनमार्क म्हणजे जुने एक लाख कोटी मार्क. नोट दाखवून कोणाला जमीन थोडीच मिळणार होती! खरी मात्रा वेगळी होती: नोटांवर मर्यादा घातली आणि सरकारला हवी तितकी उचल देणं बंद केलं. आठवडाभरात, 23 नोव्हेंबरला, स्ट्रेसमान यांचं सरकार पडलं. पण परराष्ट्रमंत्री म्हणून ते मरेपर्यंत राहिले.

महागाईने हिटलर आला? महागाई शिगेला असतानाच, 8-9 नोव्हेंबर 1923 ला, त्याने म्युनिकच्या बिअर हॉलमधून बंड करून पाहिलं. पोलिसांनी गोळीबार केला, बंड मोडलं, स्वारी तुरुंगात. मे 1924 मध्ये त्याच्या गोटाला 6.5 टक्के मतं मिळाली, हे मान्य. आयुष्याची शिल्लक बुडालेल्यांचा राग खोटा नव्हता. पण डिसेंबरात ती 3 टक्क्यांवर आली आणि 1928 मध्ये 2.6 वर.

मग 1930 नंतर काय झालं? तेव्हा जागतिक मंदी होती; भाव चढत नव्हते, उतरत होते. चॅन्सेलर ब्रूनिंग वटहुकूम काढून पगार आणि बेकारभत्ता कापत होते. 1932 च्या सुरुवातीला बेकार 60 लाखांवर गेले. त्या जुलैत नाझींना 37.3 टक्के मतं पडली, नोव्हेंबरात 33.1. बहुमत कधीच नाही. 30 जानेवारी 1933 ला हिटलरला चॅन्सेलर नेमलं ते राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी.

आणि चलन ताळ्यावर? रेंटेनमार्कनंतरचं पक्कं चलन, राइशमार्क, 1924 सालीच आलं होतं. हिटलरला ते आयतं मिळालं.

याच फोटोखाली हल्ली कोणीतरी हमखास लिहितं, 'स्ट्रेसमान जगले असते तर...' 3 ऑक्टोबर 1929 ला ते गेले, अवघे 51 वर्षांचे. अमेरिकेचा शेअर बाजार, वॉल स्ट्रीट, कोसळून मंदी सुरू व्हायला तीन आठवडे बाकी होते, त्यामुळे हळहळ समजते. पण देव्हाऱ्यात बसवू नका. पहिल्या महायुद्धात हाच माणूस शेजाऱ्यांचा मुलूख गिळायची भाषा करत होता. 1926 चं शांततेचं नोबेल फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री ब्रियाँ यांच्यासोबत मिळालं ते शेजाऱ्यांशी सीमा ठरवणाऱ्या लोकार्नो करारासाठी, आणि त्यात स्ट्रेसमान यांनी मान्य केली ती फक्त पश्चिमेची, फ्रान्स-बेल्जियमकडची सीमा. पोलंडच्या सीमेला तशी हमी द्यायला त्यांनी शेवटपर्यंत नकार दिला.