भिंत झिजलेली एडी करंटला कळते : एका प्रतिक्रियेला उत्तर

हीट एक्स्चेंजरच्या ट्यूब एडी करंटने, म्हणजे कॉइलचा प्रोब आतून ओढून धातूत उठणाऱ्या विद्युतप्रवाहावरून, कशा तपासायच्या या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीन वाक्यांची. “एडी करंटला खड्डे दिसतात, भिंत सरसकट झिजली तर काही कळत नाही. जाडी हवी तर अल्ट्रासॉनिक लावा. इंटरनेटवरून उचलून लिहिणाऱ्यांनी शटडाउनवाल्यांना शिकवू नये.” तिसरं वाक्य नसतं तर हे उत्तर दोन ओळींत आटोपलं असतं. माझं पोट शटडाउनमध्ये, म्हणजे प्लांट बंद ठेवून तपासणी चालते तेव्हा, ट्यूबशीटसमोर (ट्यूबची टोकं बसवलेल्या जाड प्लेटसमोर) बसूनच भरतं, एवढं सांगून पुढे जातो.

तुम्ही म्हणता ते डिफरेन्शियल मोडबद्दल खरं आहे. त्यात शेजारशेजारची दोन कॉइल एकमेकांशी तुलना करतात. दोघांखालची भिंत सारखीच पातळ झाली की फरक शून्य, आणि सिग्नल हलत नाही. म्हणूनच तर लेखात अ‍ॅब्सोल्यूट चॅनल (ट्यूबमधल्या एका कॉइलची बाहेर ठेवलेल्या रेफरन्स कॉइलशी तुलना) सोबत चालवा असं लिहिलं होतं. वाचलंत का?

304 स्टेनलेसची 19.05 मिमी व्यासाची, 1.65 मिमी भिंतीची ट्यूब घ्या. आतला व्यास 15.75, प्रोब 14.5 मिमीचा, म्हणजे फिल फॅक्टर (प्रोब ट्यूबचं आतलं क्षेत्रफळ किती भरतो ते) साधारण 85 टक्के. फ्रिक्वेन्सी 80 किलोहर्ट्झच्या आसपास. अ‍ॅब्सोल्यूटचं रेफरन्स कॉइल त्याच मापाच्या, त्याच धातूच्या चांगल्या तुकड्यात ठेवायचं. पितळी तुकडा “चालतो की” म्हणून लावला तर सगळे आकडे वाया. नल, म्हणजे सिग्नलचं शून्य, करायचा तो कॅलिब्रेशन ट्यूबच्या (मोजून दोष पाडलेल्या नमुना ट्यूबच्या) अखंड भागात. तपासायच्या ट्यूबमध्येच नल केला, आणि ती टोकापासून टोकापर्यंत झिजलेली असली, तर झिजलेली भिंतच शून्य ठरते. लोक नेमकं इथेच फसतात आणि खापर पद्धतीवर फोडतात.

शिवाय कॅलिब्रेशन ट्यूबवर नुसती भोकं पुरत नाहीत. खड्ड्याची खोली फेजवरून (सिग्नलच्या कोनावरून) काढतात. सरसकट झिजेसाठी लेथवर 10, 20, 40 टक्के उतरवलेल्या लांब पायऱ्या हव्यात, आतून झीज असेल तर आतून. प्रोब तापला की अ‍ॅब्सोल्यूट सरकतो, म्हणून पायऱ्या मधूनमधून पुन्हा ओढून बघाव्या लागतात.

अल्ट्रासॉनिकचा, म्हणजे ध्वनिलहरींनी मोजलेल्या जाडीचा, आकडा जास्त अचूक, हे मान्य. पण बंडल (ट्यूबांचा जुडगा) शेलमध्ये, बाहेरच्या कवचात, असताना मधल्या रांगेतल्या ट्यूबवर तुमचा हातातला गेज टेकवणार कुठे? आयरिस (ट्यूबच्या आतून फिरवत मोजणारं अल्ट्रासॉनिक) आहे, पण त्याला पाणी हवं, ट्यूब धातूपर्यंत साफ हवी, आणि वेळ हवा.

राहिलं “उचलून लिहिणं”. मूळ पान कोणतं ते कळवा, मलाही वाचायचंय.