‘पुस्तक विकत घेतलं, आता पीडीएफ विकायचा हक्क माझा’ असं म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

गेले पंधरा दिवस साताऱ्यातल्या अभ्यासिकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मला तो सहा जणांनी पाठवला, त्यात एक माझा सख्खा भाचा. मेसेज लांबलचक आहे पण मुख्य मुद्दे हे: पुस्तक पैसे देऊन घेतलं की ते आपलं, मग त्याची पीडीएफ करून विकणं हा आपला हक्क, जुनी पुस्तकं विकणाऱ्याला कुणी अडवत नाही मग आम्हालाच का, संविधानाच्या कलम १९ नं अभिव्यक्ती स्वातंत्र्य दिलंय आणि त्याच्यावरच्या बंधनांच्या यादीत कॉपीराइट हा शब्दच नाही, झेरॉक्स कायदेशीर आहे असं सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय, ज्ञान ही विकायची वस्तू नाही, आणि शेवटी, टेलिग्रामवर कोण कुणाला पकडतंय. खाली पुस्तकांची भलीमोठी यादी आणि ‘पूर्ण सेट फक्त ९९ रुपये’.

मी डीटीपीचं काम करतो, आणि त्या यादीत एक पुस्तक असं आहे की ज्याचं पान न् पान मी लावलंय. कोरेगावकडचे एक निवृत्त सर आहेत, त्यांनी अडीच वर्षं खपून स्पर्धा परीक्षेसाठी मराठी व्याकरणाचं पुस्तक लिहिलं आणि स्वतःच्या खिशातनं ५०० प्रती छापल्या. मी ती ९९ वाली पीडीएफ मागवून बघितली. पान ११२ वर समासाचा तक्ता दोनदा आलाय आणि विग्रहाच्या दोन ओळी गायब आहेत. ती चूक माझ्या हातनं झालेली, पहिल्या आवृत्तीत तशीच राहिली, दुसऱ्या आवृत्तीत आम्ही ती काढली. म्हणजे हे लोक पहिल्या आवृत्तीचं स्कॅन विकतायत आणि ती चुकीची उदाहरणं पोरं परीक्षेसाठी पाठ करतायत. राग आहेच, पण कायदा पण नीट वाचून लिहितोय.

तर पहिलं, ‘विकत घेतलं म्हणजे माझं’. हो, ती प्रत तुमचीच. वाचा, पेन्सिलनं खुणा करा, मित्राला द्या, वर्षानं अर्ध्या किमतीत विका, कुणीही अडवणार नाही. १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा आहे त्याच्या कलम १४ मध्ये लेखकाकडं काय काय हक्क राहतात ते लिहिलंय, त्यात प्रती काढायचा हक्क आहे, लोकांमध्ये प्रती आणायचा हक्क आहे, पण तिथंच असंही आहे की ज्या प्रती आधीच बाजारात फिरतायत त्यांना हे लागू नाही. (सिनेमा आणि सॉफ्टवेअरचे नियम वेगळेत, मी पुस्तकांपुरतंच बोलतोय.) त्यामुळं जुनी पुस्तकं विकणारा माणूस पूर्ण कायद्यात बसतो. मी स्वतः बारावीची निम्मी पुस्तकं सातारा स्टँडवरनं एसटी पकडून पुण्याला अप्पा बळवंत चौकात जाऊन जुनी आणलेली आहेत, आणि कुणी त्या धंद्याला नावं ठेवली तर मी भांडेन.

पण जुनं पुस्तक विकलं की विकणाऱ्याकडं ते राहत नाही. म्हैस विकली की गोठ्यातलं दावं रिकामं होतं. तुम्ही पीडीएफ पाचशे जणांना विकली तरी फाइल तुमच्या मोबाइलात आहेच आणि मूळ पुस्तक कपाटात, मग तुम्ही विकलं काय? तुम्ही ती प्रत विकलीच नाही, पाचशे नव्या प्रती काढल्या, आणि प्रती काढायचा हक्क तुम्ही दुकानात ३०० रुपये देऊन घेतलेलाच नव्हता.

मेसेजमध्ये अमेरिकेतल्या एका थायी विद्यार्थ्याचं उदाहरण दिलंय, की बघा तो केस जिंकला. जिंकला, खरंय. कर्टसेंग त्याचं नाव, थायलंडमधनं स्वस्तातल्या आवृत्त्या मागवून तो अमेरिकेत विकायचा, जॉन वायली या प्रकाशकानं केस टाकली आणि २०१३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं निकाल त्याच्या बाजूनं दिला. पण त्यानं विकलेली प्रत्येक प्रत प्रकाशकाच्या परवानगीनं छापलेली आणि रोख पैसे देऊन घेतलेली होती, त्यानं स्वतः एकही पान छापलं नव्हतं. तुमच्या कामाशी जुळणारी केस दुसरीच आहे, तिचं नाव मेसेजमध्ये नाही. रीडिजी नावाची कंपनी जुनी डिजिटल गाणी विकायला देत होती, आणि ते लोक तर विकणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरची फाइल काढून टाकायची व्यवस्था पण करत होते, तरीसुद्धा २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टानं ते चालणार नाही म्हणून सांगितलं, कारण फाइल इकडनं तिकडं जाताना नवी प्रत तयार होतेच. युरोपात पण २०१९ मध्ये टॉम काबिनेट या जुनी ई-बुकं विकणाऱ्या कंपनीच्या विरोधात निकाल गेला.

आता कलम १९, ज्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

यादीबद्दल मेसेज बरोबर आहे, आधी ते मान्य करतो. १९(२) मध्ये देशाची एकात्मता, सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता-नीती, कोर्टाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी एवढंच आहे, कॉपीराइट नाही. पण यादीपर्यंत जायच्या आधी १९(१)(क) काय देतं ते बघा ना, तुम्हाला तुमचं म्हणणं मांडायचा हक्क देतं. सरांचं व्याकरणाचं पुस्तक जसंच्या तसं, माझ्या चुकीच्या तक्त्यासकट विकताना तुम्ही स्वतःचं असं काय मांडलंत? एक वाक्य तरी?

कुणी म्हणेल विकणं हा पण अभिव्यक्तीचाच भाग आहे. तेही बरोबर आहे आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण मराठीच आहे. वर्तमानपत्रानं किती पानं द्यायची आणि किंमत किती ठेवायची हे सरकारनं कायद्यानं ठरवायला घेतलं तेव्हा पुण्याचा ‘सकाळ’ सुप्रीम कोर्टात गेला आणि १९६१ मध्ये कोर्टानं तो कायदाच रद्द केला, धंद्याच्या नावाखाली पेपरची पानं आणि खप कमी केला तर ती अभिव्यक्तीचीच गळचेपी होते म्हणून. पण ‘सकाळ’ स्वतःच्या बातम्या, स्वतःचे अग्रलेख विकत होता. दुसऱ्या पेपरचा अंक छापून विकायचा हक्क मागायला तो गेला नव्हता.

तसंच ६६अ चं, म्हणजे आयटी कायद्यातलं ऑनलाइन लिहिल्याबद्दल अटक करू देणारं कलम. मेसेजवाला म्हणतो ६६अ रद्द झालं, आता ऑनलाइन काहीही टाकता येतं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन पोरींना बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरनं अटक झाली, पोस्ट एकीची, दुसरीनं तर नुसतं लाइक केलं होतं, त्यानंतरच त्या कलमाविरुद्ध याचिका झाली आणि २०१५ ला श्रेया सिंघल निकालात ते कलम गेलं. त्या पोरीनं स्वतःच्या मनातलं लिहिलं होतं, म्हणून आपण सगळे तिच्या बाजूनं उभे राहिलो. त्या निकालात कॉपीराइटला हातसुद्धा लावलेला नाही.

आणि स्वातंत्र्याची किंमत काय असते हे साताऱ्याला तरी शिकवायला नको, डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्याच गावचे. ज्या गावच्या माणसाचा बोलण्यापायी जीव गेला त्याच गावात स्वातंत्र्य हा शब्द ९९ रुपयांच्या सेटखाली चिकटवलेला बघून मला खरंच कसंतरी झालं.

बरं, कॉपीराइटच्या नावाखाली खऱ्या बोलण्याची मुस्कटदाबी होतच नाही असं नाही. होते. एखाद्या भाषणाची दहा सेकंदांची क्लिप घेऊन कुणी टीका केली की यूट्यूबवर लगेच स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइटची तक्रार टाकतात, तीन स्ट्राइक झाले की चॅनल बंद, बिचारा घाबरून व्हिडिओ काढतो. अशा माणसासाठी कायद्यात कलम ५२ आहे: टीका, परीक्षण, चालू घडामोडींची बातमी, स्वतःचा अभ्यास आणि संशोधन यासाठी वाजवी वापर चालतो. कुणी फुकाच्या धमक्या दिल्या तर कलम ६० खाली उलट आपणच कोर्टात जाऊ शकतो. तक्रार आली म्हणून मजकूर कायमचा खाली ठेवायचं पण बंधन नाही, तक्रारदारानं २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर वेबसाइट तो परत लावू शकते. हे लोकांना माहीतच नसतं. सरांच्या पुस्तकातली चार वाक्यं टाकून ‘हे समासाचं प्रकरण चुकलंय’ असं कुणी लिहिलं तर मी त्याच्या बाजूनं उभा राहीन, सर स्वतः उभे राहतील. पण अख्खी पुस्तकं विकणारे पण जेव्हा ‘अभिव्यक्ती, अभिव्यक्ती’ करतात तेव्हा या खऱ्या टीकाकाराचं कुणी ऐकून घेत नाही, त्यालाही चोरांच्या रांगेत बसवतात. नुकसान त्याचं पण होतंय.

झेरॉक्सवालं प्रकरण. एक तर तो निकाल सुप्रीम कोर्टाचा नाही, दिल्ली हायकोर्टाचा आहे, २०१६ चा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या रामेश्वरी फोटोकॉपीवर २०१२ मध्ये केस टाकली होती, शेवटी २०१७ ला प्रकाशकांनीच ती मागे घेतली, आणि प्रती काढायच्या परवान्यांचं काम बघणारी संस्था त्यावर सुप्रीम कोर्टात गेली तर कोर्टानं तिचं अपील घेतलं नाही. निकाल मलाही आवडतो. पण त्यात काय होतं? शिक्षकांनी अभ्यासक्रमासाठी नेमून दिलेल्या भागांचे संच, त्याच विद्यापीठाच्या मुलांना, शिकवण्याच्या कामासाठी. कलम ५२ मध्ये शिक्षक-विद्यार्थ्यांना शिकवण्यापुरती ती सूट आहेच. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत स्कॅन मारून अनोळखी माणसाकडनं यूपीआयवर पैसे घेणं यात शिक्षक कुठाय आणि वर्ग कुठाय?

‘आम्ही पीडीएफवर लेखकाचं नाव दिलंय’ असंही काही जण म्हणतात, त्याला एवढंच उत्तर, की नाव दिल्यानं परवानगी मिळत नाही. दुसऱ्याच्या शेतातला ऊस तोडून मोळीवर मालकाचं नाव लिहिलं म्हणून तो आपला होत नाही. पुस्तकावर सूचना छापलेली नव्हती म्हणणारे पण आहेत, तर सूचना किंवा नोंदणी काहीच लागत नाही, लिहिलं की हक्क तयार होतो.

‘ज्ञान विकायची वस्तू नाही.’ हा मुद्दा मी मनापासून घेतो, कारण अभ्यासिकेत वडापाववर दिवस काढणारी पोरं मी रोज बघतो. पण मग ९९ रुपये कशाचे? आणि कायदा ज्ञानाला कुलूप लावतच नाही. समास म्हणजे काय, संधीचे नियम काय, १८५७ ला काय झालं, कुठल्या कलमात काय आहे, यावर कुणाचाच हक्क नाही, तुम्ही पण स्वतःच्या शब्दांत लिहा आणि खुशाल विका. हक्क मांडणीवर असतो आणि तोही कायमचा नाही, लेखक गेल्यावर ६० वर्षं. सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ ला गेले, त्यांची नाटकं २००९ पासून सगळ्यांची झाली, छापा, विका, काहीही करा. वाटेगावचे अण्णाभाऊ १९६९ ला गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ संपेपर्यंत आहे. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकाचं ब्रेल किंवा ऑडिओ करायला २०१२ पासून वेगळी सूट आहे, आणि त्यासाठीचा जो माराकेश करार आहे त्याला जगात सगळ्यात आधी मान्यता देणारा देश भारत, २०१४ मध्ये.

फुकट वाचायचंय तर आपल्या जिल्ह्याएवढं भाग्य कुणाचं नाही ओ. वाईत मराठी विश्वकोशाचं काम चालतं, अख्खा विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे. पाचगणीच्या पुढं भिलार, २०१७ पासून पुस्तकांचं गाव, लोकांच्या घरात बसून वाचा, कुणी पैसा मागत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं, साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्याच वेबसाइटवर मोफत मिळतात. यातलं कुणीही सरांसारख्या माणसाच्या ताटातलं उचलून वाटत नाही. आणि ते ताट केवढं? मराठीत पहिली आवृत्ती पाचशे-हजाराची, ती खपली तर पुढची निघते, नाही खपली तर चुका तशाच राहतात.

शेवटचं, ‘कोण पकडतंय’. दिल्लीच्या नीतू सिंग या स्पर्धा परीक्षेच्या शिक्षिका आहेत, त्यांची पुस्तकं आणि लेक्चर असंच टेलिग्रामवर विकलं जात होतं. त्या हायकोर्टात गेल्या. टेलिग्राम म्हणालं आमचे सर्व्हर सिंगापूरला आहेत, युजरची प्रायव्हसी आहे, अभिव्यक्ती स्वातंत्र्य आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये कोर्टानं सांगितलं की प्रायव्हसी किंवा अभिव्यक्तीच्या आड लपून बेकायदा कामातनं सुटता येणार नाही, माहिती द्या, आणि टेलिग्रामनं चॅनल चालवणाऱ्यांची नावं, फोन नंबर, आयपी पत्ते बंद पाकिटात कोर्टाला दिले. शिक्षा कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं आणि ५० हजार ते २ लाख दंड, आणि २०२२ लाच सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. हे मी धमकी म्हणून लिहीत नाहीये. तो मेसेज पुढं पाठवणाऱ्यांत एमपीएससीची तयारी करणारी पोरं आहेत, माझा भाचा आहे, आणि सरकारी नोकरीच्या आधी पोलिसांकडनं चारित्र्य पडताळणी होते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

सरांना मी हे सगळं दाखवलं. ते म्हणाले, पोरांना समासाचं प्रकरण चुकीचं पोचलंय ते आधी दुरुस्त करूया. म्हणून दुसऱ्या आवृत्तीतलं ते पूर्ण प्रकरण, २६ पानं, आम्ही वेगळं काढून त्याची पीडीएफ केलीय, फुकट. पहिल्याच पानावर सरांनी लिहून दिलंय की ही हवी तितक्या जणांना पाठवा. ज्यांनी तो ९९ चा सेट घेतलाय त्यांनी पान ११२ आधी बघा, तक्ता दोनदा दिसला तर ही मागवून घ्या.