आमचं मौन म्हणजे संमती, हे कोणी ठरवलं?

आज दुपारी मुलीच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. ‘उद्या सातवी ते नववीच्या विद्यार्थ्यांचा सर्व्हे घेण्यात येणार आहे. हरकत असल्यास आज रात्री आठपर्यंत कळवावे, अन्यथा पालकांची संमती गृहीत धरली जाईल.’ खाली लगेच अंगठ्यांची रांग. मी विचारलं, प्रश्न कोणते आहेत? उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तर ‘कृपया ग्रुपवर चर्चा नको.’

तेव्हापासून डोकं तापलंय.

सहलीला न्यायचं तर सही लागते. अर्धी सुट्टी हवी तर डायरीत चिठ्ठी लागते. आणि मुलांना ‘घरात भांडणं होतात का’, ‘रात्री झोप लागते का’, ‘घरी कोणी दारू पितं का’ असलं काही विचारायचं, तर आमचं गप्प राहणं पुरतं? तेही असल्या मुदतीत, जेव्हा निम्मे पालक अजून कामावरून घरी पोचलेले नसतात?

माझ्या भाच्याचं सांगते. ताईला आणि त्यालाही विचारूनच लिहितेय. आठवीत असताना त्याच्या वर्गात असाच एक फॉर्म वाटला. ‘नाव लिहू नका, कोणी वाचणार नाही, मोकळेपणाने लिहा.’ पोरगं सरळ. त्यानं लिहिलं की आई-बाबा एकमेकांशी बोलत नाहीत आणि मला रात्री रडू येतं. पण त्याच कागदाच्या वरच्या कोपऱ्यात इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक अशा तीन चौकटी होत्या. नाव लिहायची गरजच काय उरली? पुढच्या पालकसभेत बाईंनी चार पालकांसमोर ताईला विचारलं, ‘घरी सगळं ठीक आहे ना? त्याने लिहिलंय म्हणून विचारते.’ ताई तिथून कशी घरी आली ते मी पाहिलंय.

बाईंचा हेतू वाईट नव्हता, हे मला मान्य आहे. शिक्षकांवर वरून फॉर्म येतात, कोणी संस्था येते, कोणी ॲपवाले येतात, आणि भरून घ्यायचं काम वर्गशिक्षिकेच्या गळ्यात पडतं. कागद कुठे ठेवायचे, कोणी बघायचे, कधी फाडायचे, हे तिला तरी कोण सांगतं? माझा राग तिच्यावर नाहीच. ‘गृहीत धरली जाईल’ हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांच्यावर आहे.

आणि हल्ली तर कागदही नसतो, लिंक असते. भाच्याचा कागद निदान एका कपाटात पडून राहिला असता. लिंकवर भरलेलं कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर जातं, कोणाला दिलं जातं, मूल पंचवीस वर्षांचं झालं तरी तिथेच राहतं का, काही पत्ता नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे, आणि संमती स्पष्ट कृतीतून दिलेली हवी असंही म्हटलंय. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे, शाळांना काही बाबतीत सवलतही आहे. ठीक. पण कायदा पुरता लागू होईपर्यंत साधी रीत पाळायला कोणी अडवलंय? अमेरिकेत तर १९७८ पासून कायदा आहे. तिथल्या केंद्रीय शिक्षण खात्याच्या पैशातून होणाऱ्या सर्व्हेत घरातली नाती, मानसिक त्रास, धर्म, उत्पन्न असले प्रश्न मुलांना सक्तीने विचारायचे, तर पालकांची लेखी संमती आधी घ्यावी लागते.

कोणी म्हणेल, ज्या घरात मारणाराच बाप आहे तिथे त्याचीच सही मागणार का? बरोबर आहे, तिथे सही मागून उपयोग नाही. पण त्या मुलाला विश्वासातला समुपदेशक लागतो, १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर माहीत असावा लागतो. हजेरी क्रमांक टाकलेला फॉर्म त्याला वाचवत नाही, उलट तो फॉर्म बापाच्या हाती लागला तर काय होईल याचा विचार करा.

भाचा आता मोठ्या वर्गात आहे. त्यानंतर शाळेत जो फॉर्म आला त्यात त्यानं ‘आनंदी’वरच खूण केली, प्रत्येक वेळी. ताईनं विचारलं तर म्हणाला, ‘मावशीला सांग, आता मी काही लिहीत नाही.’ हे लिहिताना माझा राग ओसरलाय, नुसतं वाईट वाटतंय. त्याला खरंच मदत हवी होती. त्यानं ती मागितलीही होती, त्याला जमेल तशी.

मुख्याध्यापिकांना मेल केलाय. सर्व्हेची प्रश्नावली आधी दाखवा. सर्व्हे कोण घेतंय, उत्तरं कोण वाचणार, कधी नष्ट करणार ते लिहून द्या. क्रमांकाची चौकट काढा. सही केलेल्या पालकांच्याच मुलांना बसवा, आणि सही असली तरी मूल नको म्हणालं तर त्याला वर्गात सगळ्यांसमोर कारण विचारू नका. माझी मुलगी उद्या बसणार नाही, हेही लिहिलंय. तिला विचारूनच. त्याच ग्रुपमधले जे कोणी हे वाचताय, आठ वाजायला अजून वेळ आहे. ग्रुपवर नको तर शाळेला मेल करा.