माझ्या डाउनलोड फोल्डरात अख्खं गाव आहे

चार दिवसांपासून एक मेसेज आमच्या गावच्या तिन्ही ग्रुपवर फिरून राह्यला. कापसाच्या भावाचा ग्रुप, मंडळाचा ग्रुप, सोयऱ्यांचा ग्रुप, सगळीकडं तोच. ज्यांच्याकडं आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: "डेटा प्रायव्हसी म्हणजे शहरातल्या लोकांचं फॅड हाय. ज्याच्याजवळ लपवाले काही हाय त्यानं भ्यावं. शेतकऱ्याजवळ सातबारा अन् कर्ज, दोन्ही साऱ्या गावाले माहीत. तसाही कायदा झाला, सरकार पाहून घेते. बोंब मारणाऱ्याईले फक्त योजना बंद पाडाच्या हाय. अन् आपण बोलून काय होते?" खाली हात जोडलेले आणि दहा ग्रुपवर पाठवा.

मी एवढा का उखडलो ते आधी सांगतो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका दोनेक हजार वस्तीच्या गावात सेवा केंद्र चालवतो, अकरा वर्षं झाली. दाखले, पीकविमा, ई-केवायसी, फार्मर आयडी, कापूस विकायची नोंदणी, लाडकी बहीण, बांधकाम कामगार, सगळं माझ्याच खुर्चीतून जाते. आणि त्या सगळ्याचे स्कॅन माझ्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरात पडलेले असतात. आधार, पासबुक, रेशन कार्ड, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बायामाणसांचे फोटो. कोणाले अपंगत्व किती टक्के, कोणाच्या घरी विधवा पेन्शन, कोणाच्या खात्यात किती, हे मले त्याच्या सख्ख्या भावाच्या आधी कळते. तर "गावात डेटा नसतो" हे कोणी निदान मले तरी सांगू नये.

आता एकेक मुद्दा घेतो.

"लपवाले काही नाही त्यानं कायले भ्यावं." हा सगळ्यात जास्त टाळ्या घेणारा मुद्दा, म्हणून यावर जरा बसतो. आमच्या इकडं घराले दार असते का नाही? रात्री कडी लावता का नाही? आत काय सोन्याच्या विटा असतात का, दोन पोती तूर आणि एक कूलर असते, तरी लावता. लपवणं वेगळं आणि कोणी कवाही आत येऊ नये असं वाटणं वेगळं. मागच्या पावसाळ्यात एक म्हातारी बाई केंद्रात आली, कापूस वेचून वेचून बोटांच्या रेषा गेलेल्या, मशीनवर अंगठा काही लागेना. आपण सगळेच करतो तसं तिनं बोट केसात घासलं, तेलाचं बोट पदराले पुसलं, पाचव्या वेळी लागलं. मी म्हणलो, "आजी, मोबाईल कुठं, ओटीपी येईन." तर तिच्या आधारले नंबर तिचा नव्हताच, तो दूरच्या पुतण्याचा होता जो तीन वर्षांपासून पुण्यात. मग पुतण्याले फोन लावला, त्यानं ओटीपी मोठ्यानं सांगितला, स्पीकरवर, मागं पंधरा माणसं रांगेत. तिचा अंगठा, तिचा आधार नंबर, तिची बँक, तिचा ओटीपी, सगळं पाच मिनिटांत साऱ्या रांगेनं ऐकलं-पाहिलं. लपवाले तिच्याजवळ खरंच काही नव्हतं. हिसकावून नेण्यासारखं मात्र होतं, पेन्शनचे पैसे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आधारवर पैसे काढायची जी सोय आहे ना, जिथं किराणा दुकानात अंगठा लावून पैसे मिळतात, त्यात पिन नाही लागत, ओटीपी नाही लागत. आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट, बस. आणि बोट म्हणाल तर खरेदीखताच्या कागदावर अंगठा असतोच. कर्नाटकात आणि तेलंगणात अशा दस्तांवरून अंगठे उचलून त्याचे नकली ठसे बनवल्याचे गुन्हे नोंद झालेत. पासवर्ड बदलता येते राजेहो, अंगठा कुठून बदलता? म्हणूनच आधार देणाऱ्या यूआयडीएआयनं बायोमेट्रिक लॉकची, म्हणजे आपला अंगठा आपणच बंद करून ठेवाची, सोय फुकट ठेवली आहे, पण माझ्या केंद्रात अकरा वर्षांत ती मागाले किती लोक आले तर दोन, त्यातला एक मास्तर.

"हे शहरातल्या लोकांचं फॅड हाय." बरं. 2017 च्या मे महिन्यात सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेनं एक अहवाल काढला होता, चार सरकारी पोर्टलवरून अंदाजे 13 कोटी लोकांचे आधार नंबर उघडे पडले म्हणून. ती पोर्टलं कोणती? रोजगार हमीची आणि पेन्शनची त्यात होती. म्हणजे उघडे पडले ते मजूर आणि म्हातारे, मुंबईतले शेअरवाले नाही. शहरातला माणूस एखाद्या अ‍ॅपले नंबर देईल, नाही देईल, दुसरं अ‍ॅप घेईल. आपल्याकडं खत पाहिजे कागद द्या, विमा पाहिजे कागद द्या, पोराची स्कॉलरशिप पाहिजे कागद द्या, नाही देतो म्हणाची सोयच नाही. मग डेटा जास्त कोणाचा गेला?

इथं माझीच एक गोष्ट सांगतो, लाज वाटते पण सांगतो. 2024 मध्ये लाडकी बहीणचे फॉर्म सुरू होते तेव्हा केंद्राबाहेर पहाटेपासून बाया. झेरॉक्सचा ढीग कमरेएवढा. काम संपल्यावर पोऱ्यानं ती रद्दी विकली, मले विचारलंच नाही आणि मीही पाहिलं नाही. महिन्याभरानं तालुक्याच्या स्टँडवर आलूबोंडा घेतला तर खालचा कागद झेरॉक्सचा. तेलानं फोटो काळा झालता पण बारा आकडे चांगले वाचता येत होते, आणि आडनाव आमच्या गावातलं. आलूबोंडा काही गोड लागला नाही. म्हणून मी या विषयावर बोलतो तेव्हा साव म्हणून बोलत नाही.

"सातबारा तसाही साऱ्याईले दिसते." हो दिसते, आणि दिसलाच पाहिजे, नाहीतर एकच वावर तीन जणांले विकतील लोक. पण एकटा सातबारा आणि सातबाऱ्याले जोडलेला आधार, त्याले जोडलेला मोबाईल, त्याले जोडलेलं पीक, त्याले जोडलेलं कर्ज, हे एक नाही. एका बोंडाचं वजन कोणी करते का, पण गंजी लागली की व्यापारी धावत येते. अ‍ॅग्रीस्टॅक नावाच्या सरकारच्या शेतकरी नोंदणीत नेमकं हेच होऊन राह्यलं, शेतकऱ्याची ओळख, जमीन आणि पीक एका जागी. काम सोपं होते, हे मी नाकारत नाही, आधी एका दाखल्यासाठी तलाठ्यामागं आठ दिवस फिरावं लागे. पण समजा ही गंजी चुकीच्या हातात गेली. ज्याले माहीत आहे की अमक्याची पाच एकर कपाशी बोंडअळीनं गेली, बँकेचा हप्ता थकला आणि मार्चमध्ये पोरीचं लग्न आहे, त्याले त्या माणसाची जमीन कोणत्या भावात पडल हे सांगाची गरज नाही. आधीचा सावकार हे पारावर बसून काढत होता, त्याले दोन वर्षं लागत.

कर्जवाल्या अ‍ॅपचं तर विचारूच नका. गावातल्या एका पोरानं आठ हजार घेतले, हप्ता चुकला, तर त्याच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांना फोन, त्याच्या होणाऱ्या सासऱ्याले पण. सोयरीक मोडली. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2022 मध्येच सांगितलं आहे की कर्जाच्या अ‍ॅपनं फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट, फोटो, कॉल लॉग याले हात लावू नये. त्या पोराले हे कोणी सांगितलं होतं? मीही नव्हतं सांगितलं, मलेच माहीत नव्हतं तेव्हा.

"कायदा झाला, सरकार पाहून घेते." कायदा झाला हे खरं आहे. 24 ऑगस्ट 2017 ले सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, ती केस पुट्टस्वामी नावाच्या कर्नाटक हायकोर्टाच्या रिटायर जज्जानं लावली होती. मग कायद्याचा मसुदा कराले श्रीकृष्ण समिती, मग 2019 चं बिल, ते 2022 मध्ये मागं घेतलं, आणि शेवटी ऑगस्ट 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. नियम यायले नोव्हेंबर 2025 उजाडलं, आणि त्यातही कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायले त्यानंतर 18 महिने. म्हणजे हक्क सांगितल्यापासून जवळजवळ दहा वर्षं. एवढ्यात आमच्याकडं संत्र्याची बाग लागून, फळ देऊन, वाळून पण जाते.

बरं, आला तर आला, आत काय आहे ते पाहू. चांगलं पण आहे. डेटा नीट सांभाळला नाही तर कंपनीले 250 कोटींपर्यंत दंड. तुमची माहिती काय घेतली ते विचारता येते, दुरुस्त करता येते, पुसाले लावता येते. पण तो 250 कोटींचा दंड जातो कुठं? सरकारच्या तिजोरीत. ज्याचे पैसे गेले, ज्याची सोयरीक मोडली, त्याले भरपाईचं यात काही नाही, उलट आयटी कायद्यात भरपाईचं 43अ नावाचं कलम होतं तेच हा कायदा काढून टाकते. तक्रार खोटी किंवा फालतू ठरली तर तक्रार करणाऱ्यालेच 10 हजारांपर्यंत दंड होऊ शकते. तक्रारी ऐकणाऱ्या बोर्डावर माणसं नेमणार केंद्र सरकार, आणि त्याच सरकारले हवी ती आपली यंत्रणा कायद्यातून बाहेर ठेवाची मुभा. अनुदान आणि योजनांसाठी तर सरकारी खात्यांना तुमची वेगळी संमती पण लागत नाही. आता सांगा, गावातल्या माणसाचा नव्वद टक्के डेटा कोणाजवळ जाते? पाहून घेणारा आणि घेणारा एकच असल्यावर पाहणार काय?

एक गोष्ट मात्र या मेसेजवाल्यानं टाळली, का त्याले माहीतच नाही, देव जाणे. याच कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम 8(1)(j) बदललं. आधी सार्वजनिक कामाशी संबंध असला किंवा जनहित मोठं असलं तर वैयक्तिक माहिती पण मिळत होती, आता वैयक्तिक म्हणलं की नकाराचा रस्ता मोकळा. जनहिताचं कलम 8(2) अजून आहे, पण ते दाखवून भांडणारा माणूस किती गावात मिळन? घरकुलाच्या यादीत सरपंचाच्या साडूचं नाव कसं आलं, मस्टरवर मेलेला माणूस कसा कामावर होता, हे आपल्या लोकांनी याच रस्त्यानं काढलं होतं. म्हातारीचा आधार नंबर झाकला पाहिजे आणि मस्टर उघडं राह्यलं पाहिजे. इथं उलटं व्हायची भीती आहे, आधार आलूबोंड्याखाली आणि मस्टर कपाटात.

"योजना बंद पाडाच्या हाय." याले एकच उत्तर. ज्या लोकांनी आधारविरुद्ध कोर्टात केस लढली त्यांच्यामुळं 26 सप्टेंबर 2018 ले निकाल आला, त्यात योजनांसाठी आधार चालू राह्यला, बंद झालं ते खाजगी कंपन्यांनी आधारची सक्ती करणं. एक रुपयाचं अनुदान त्यामुळं थांबलं नाही. पुढं चला.

"आपण बोलून काय होते." हे वाचून खरा राग आला, कारण हे विदर्भातल्या माणसानं म्हणावं? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणलं आणि ग्रामसभेच्या जोरावर 2009 मध्ये जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला, तेही पारावर बसून, सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलत बसून. जंगलाबद्दल ग्रामसभा बोलू शकते तर गावाच्या कागदांबद्दल काहून नाही?

दिल्लीची पद्धत पहा. या कायद्याच्या नियमांचा मसुदा जानेवारी 2025 मध्ये आला, सूचना पाठवा म्हणे, वेबसाईटवर, आणि कोणी काय सूचना दिली ते कोणालेच दाखवणार नाही हे आधीच लिहून टाकलं होतं. आमच्या गावातून किती सूचना गेल्या? शून्य, त्यात माझी पण नाही. आता कायदा म्हणते की संमतीची नोटीस इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी तुम्ही मागाल त्या भाषेत मिळाली पाहिजे. मराठी त्यात आहे, मग मागाले काय लागते? पण मेळघाटातल्या कोरकू बाईनं काय करावं, गडचिरोलीतल्या गोंडी बोलणाऱ्यानं काय करावं, या दोन्ही भाषा त्या यादीतच नाहीत. ज्यांना अंगठा सगळ्यात जास्त वेळा लावावा लागते त्यांच्याच भाषेत "कशासाठी" हे लिहिलेलं नसणार. हे पुण्या-मुंबईचा माणूस उठून सांगणार नाही, त्याले सुचणारच नाही.

म्हणून 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी एक विषय मांडला. गावच्या ग्रुपवर लाभार्थ्यांच्या याद्या पूर्ण आधार नंबरासकट टाकाच्या नाही, शेवटचे चार आकडे दिसले तरी नाव कळते. केंद्रानं, म्हणजे मी, काम झालं की स्कॅन पुसाचे आणि झेरॉक्स माणसाच्या हातात परत द्याची. आणि कोणी कंपनीवाला सर्व्हे करायले आला तर आधी ग्रामपंचायतीत कागद दाखवाचा, कशासाठी पाहिजे ते मराठीत. तासभर दारूबंदी आणि नालीवर भांडण झालं, माझा विषय शेवटी आला, निम्मी माणसं उठून गेलती, पण ठराव लिहून घेतला. एक जण म्हणला, "बापू, तुयाच धंद्यावर धोंडा मारून राह्यला का बे?" म्हणलं, मार म्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच म्हातारी केंद्रात. "माया कागद पुसला का तुनं?" म्हणलं, "पुसतो आजी, बसा." तिच्यासमोर फाईल काढली, डिलीट मारलं, दाखवलं की पहा गेली. तिनं चष्मा वर केला, स्क्रीनकडं बोट केलं आणि विचारलं, "अन् थ्या कोपऱ्यातल्या डब्यात काय हाय मंग?"

रिसायकल बिन होतं. उघडलं तर चार हजार तीनशे फाईली.