सनावळीबद्दल तुमचं बरोबर, सर; गुलामगिरीबद्दल नाही

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया आली त्याला चार दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण त्यातलं निम्मं मला पटलंय आणि निम्मं अजिबात पटलेलं नाही. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासाच्या फायनलचा अभ्यास मी कसा केला, यावर मागे लिहिलं होतं. सरांनी साताऱ्याकडे पस्तीस वर्षं इतिहास शिकवलाय. त्यांची नात टेक्सासला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांत कोणतीही पदवी घ्या, अमेरिकेच्या इतिहासाचे सहा क्रेडिट कायद्याने करावेच लागतात. माझा लेख वाचून नातीने सनावळीची वही बाजूला ठेवली, यावर सर रागावले आहेत. ‘सन विसरलात तरी चालेल’ हे सांगणं म्हणजे मुलांचा घात, हा त्यांचा पहिला आक्षेप. दुसरा असा की मी निम्मा लेख गुलामगिरीवर घालवला आणि वॉशिंग्टन-जेफरसनना दोन परिच्छेदांत उरकलं. हा आजच्या राजकारणाचा चष्मा आहे आणि त्याने मार्क जातील, असं त्यांचं म्हणणं.

पहिला आक्षेप मान्य. ते वाक्य मी मूळ लेखातून काढून टाकलंय.

मला म्हणायचं होतं की दिवस-महिना घोकू नका, क्रम पक्का करा. पण सनाचा आधार नसला की क्रमही टिकत नाही, हे मी मिडटर्मला अनुभवलं होतं आणि तरी तसं लिहिलं. बोस्टनचं बंदर बंद करणारे इंग्लंडचे कायदे मी, तिथल्या लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकण्याच्या आधी लिहिले. चहा डिसेंबर १७७३ चा, कायदे १७७४ चे. ते कायदे म्हणजे त्या चहाची शिक्षा होती. क्रम उलटल्यावर शिक्षेला गुन्हाच उरला नाही आणि पुढचं पानभर उत्तर वाया गेलं.

तेव्हा नातीला सांगा, वही परत उघड. फक्त दोन सनांच्या मधे ‘म्हणून’ किंवा ‘तरीही’ लिहिता येतं का, ते बघ. १७६३ ला फ्रान्सविरुद्धचं युद्ध संपलं, इंग्लंड जिंकलं पण कर्जात बुडालं, म्हणून १७६५ चा स्टॅम्प ॲक्ट: अमेरिकेतल्या वसाहतींत वर्तमानपत्रं, कोर्टाचे कागद, अगदी पत्त्यांच्या जोडावरसुद्धा कर. वसाहतींनी बहिष्कार घातला, म्हणून १७६६ ला तो रद्द. तरीही त्याच्या जोडीनेच पार्लमेंटने दुसरा कायदा केला, की वसाहतींसाठी कुठल्याही बाबतीत कायदे करण्याचा अधिकार आमचाच. हा जोडकायदा बहुतेक मुलं गाळतात. तो गाळला की १७६७ चे काच, कागद, रंग, शिसं आणि चहावरचे नवे कर आकाशातून पडल्यासारखे वाटतात.

आमच्या फायनलला दोन भाग होते: आपल्याकडच्या ‘टिपा लिहा’सारखा एक आणि मोठ्या उत्तरांचा एक. टिपेत कोण, कुठे, कधी एवढ्यावर थोडेच मार्क मिळतात. खरे मार्क ‘महत्त्व काय’ याला. बेकनचं बंड घ्या. १६७६, व्हर्जिनिया, गव्हर्नर बर्कलीविरुद्ध नॅथॅनिएल बेकन, जेम्सटाउन जाळलं. हे सगळं बरोबर आणि तरी अर्धीच टीप. त्या बंडात कराराने बांधलेले गोरे नोकर आणि काळे गुलाम एकाच बाजूने लढले, याची जमीनदारांना धास्ती बसली. पुढच्या दशकांत इंग्लंडहून येणारे करारी नोकर कमी झाले, आफ्रिकेतून आणलेल्या माणसांची संख्या वाढत गेली आणि १७०५ ला व्हर्जिनियाने गुलामीचे सगळे कायदे एकत्र बांधले. इथवर आलं की टीप पुरी होते.

आता तुमचा दुसरा आक्षेप. इथे मी मागे हटणार नाही.

हा पेपर १७७६ चा नाही, सर. इंग्रजांनी जेम्सटाउन वसवलं त्या १६०७ पासून १८७७ पर्यंतचा आहे. २७० वर्षांचा. त्यात स्वातंत्र्ययुद्ध आठ वर्षांचं. १६६२ ला व्हर्जिनियाने कायदा केला, की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईच्या स्थितीवरून ठरेल. इंग्लंडच्या रिवाजात मूल बापाच्या नावावर. इथे मुद्दाम उलटं केलं, म्हणजे मालकापासून झालेलं मूलही मालकाची मालमत्ता. तिथून १७८७ च्या घटनेपर्यंत या. लोकप्रतिनिधींच्या जागा मोजताना गुलाम माणूस तीनपंचमांश धरायचा असं ठरलं, पण ‘गुलाम’ हा शब्द त्या मसुद्यात कुठेच नाही. १७९० च्या जनगणनेत सुमारे सात लाख गुलाम होते. १८६० ला चाळीस लाखांच्या आसपास. यादवी युद्धाचं उत्तर हे आकडे टाळून लिहिता येत नाही.

आणि जेफरसन मी टाळलेला नाही. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ‘सर्व माणसं समान’ लिहिणाऱ्या त्या हाताने आयुष्यात सहाशेहून जास्त माणसं मालकीने बाळगली. त्याच जाहीरनाम्याच्या त्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा परिच्छेद होता, तो वसाहतींच्या काँग्रेसने काढून टाकला. ही दोन्ही वाक्यं एका उत्तरात आली पाहिजेत. एकच लिहिलं तर ती आरती होईल, नाहीतर शिवी.

मला ज्या बाईमुळे हा विषय खऱ्या अर्थाने कळला, तिचं नाव एलिझाबेथ फ्रीमन. मॅसॅच्युसेट्समधल्या शेफील्ड गावी ती ॲश्ली नावाच्या घरात गुलाम होती. लिहितावाचता येत नव्हतं. १७८० ला त्या राज्याची नवी घटना आली आणि तिच्यात होतं, की सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. हे शब्द तिच्या कानावर पडले. तिने थिओडोर सेजविक या वकिलाला गाठलं आणि १७८१ ला कोर्टात मालकाविरुद्ध जिंकली. मग ‘फ्रीमन’ हे आडनाव घेतलं. १७९० च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्सच्या गुलामांच्या रकान्यात शून्य आहे.

‘अमेरिकेची क्रांती खरोखर क्रांती होती का?’ हा प्रश्न जवळपास दरवर्षी कुठल्या ना कुठल्या रूपात येतो. मी दहा-बारा वेळा वेळ लावून त्याचं उत्तर लिहिलं असेल. प्रत्येक वेळी फ्रीमन बाईंपाशी आले, की क्रांतीचा मान वाढतो, कमी होत नाही. ज्यांच्यासाठी ते शब्द लिहिलेच नव्हते, त्यांनी ते उचलून खरे करायला लावले. गुलामगिरी वगळून हा मोठेपणा कुठून दाखवणार?

तुमच्याकडून नातीला जे मिळू शकतं ते मात्र माझ्याकडे नाही. मराठ्यांची सनावळी तुम्हाला तोंडपाठ आहे, तिलाही लहानपणापासून थोडी असेल. त्याच खुंट्यांवर हे सन टांगा. शिवजन्म १६३०: त्याच वर्षी इंग्लंडहून आलेल्या प्युरिटन पंथाच्या लोकांनी बोस्टन वसवलं. महाराज गेले १६८० च्या एप्रिलमध्ये. त्याच ऑगस्टमध्ये न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो या मूळ रहिवाशांनी स्पॅनिशांना हुसकावून लावलं आणि बारा वर्षं परत येऊ दिलं नाही. पानिपतनंतर दोन वर्षांनी १७६३. असईची लढाई १८०३, त्याच साली अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना विकत घेतलं, दीड कोटी डॉलरला. या जोड्यांत कार्यकारण काही नाही, हे तिला बजावून सांगा. खरा दुवा एकच: ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला ज्याच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली तो इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस १७८६ ला आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि १७९२ ला श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध मराठ्यांचे सेनापती हरिपंत फडके त्याच्या बाजूने उभे होते.

नातीचा पेपर कधी आहे ते कळवा. माझ्या सरावाच्या उत्तरांच्या वह्या अजून जपून ठेवल्यात, स्कॅन करून पाठवते. १७६३ ते १७७६ ची आधी पाठवते. तिच्यात मिडटर्मचं ते चुकलेलं पानही आहे, लाल शेऱ्यासकट.