लिनक्स ‘उडालं’ म्हणून फॉरमॅट मारण्याआधी

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नेहमीच्या अपडेटची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या जुन्या लॅपटॉपांचं काय करायचं, हा प्रश्न आमच्याही घरात आला आणि त्याच्या पाठोपाठ तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून एकच मेसेज आला. मजकूर साधारण असा: एका लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स (मोफत मिळणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) दोन्ही टाकू नका, म्हणजे ड्युअल बूट करू नका. विंडोजचा अपडेट आला की लिनक्स पुसलं जातं. नव्या लॅपटॉपवर लिनक्सला डिस्क दिसत नाही, कारण कंपनीनेच बंदी घातलेली असते. मशीन निम्म्या वेगाने चालतं. सिक्युअर बूट (मान्य सही नसलेली सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय) कायमचं बंद ठेवावं लागतं. मदरबोर्डवरचा घड्याळाचा सेल जातो. आणि एवढं करून फसलातच, तर उपाय एकच, सगळं फॉरमॅट मारा.

त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसलो. बाकीची वाक्यं अर्धवट माहितीची आहेत, पण लोकांचे फोटो आणि प्रोजेक्ट जातात ते या एका वाक्यापायी.

अपडेट लिनक्स पुसतो, हे पाहू. यात एकेकाळी थोडं तथ्य होतं. जुन्या बायॉसच्या (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमच्या) जमान्यात बूटलोडरची, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची, सुरुवात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्समध्ये असायची. जागा एकाचीच, विंडोज नव्याने टाकलं की ते लिनक्सच्या ग्रब या बूटलोडरला उठवून स्वतः तिथे बसायचं. आताच्या मशीनवर बायॉसच्या जागी यूईएफआय असतं. त्यात फॅट३२ पद्धतीचं एक छोटं पार्टिशन (डिस्कचा वेगळा काढलेला भाग), त्यावर मायक्रोसॉफ्टचा फोल्डर वेगळा, उबुंटूचा (लिनक्सच्या एका प्रकाराचा) वेगळा. आधी कोणाला हाक मारायची ती यादी मदरबोर्डवरच्या मेमरीत असते. एखाद्या मोठ्या अपडेटनंतर विंडोज कधीकधी त्या यादीत स्वतःला वर सरकवून घेतं, बस्स. लिनक्सचं पार्टिशन जागच्या जागी असतं. लॅपटॉप सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, कंपनीगणिक जे बटण असेल ते दाबा. बूट मेनूत ‘उबुंटू’ दिसलं तर सेटिंगमध्ये त्याला वर आणा. दिसलं नाही, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट सुरू होतं) ग्रब पुन्हा बसवा.

उलटंही घडतं: ग्रबचा मेनू येतो, पण त्यात विंडोज नसतं. लोक घाबरतात. ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर हा छोटा प्रोग्रॅम मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंगमधली त्याला बंद ठेवणारी ओळ बदलून मेनू नव्याने तयार केला की विंडोज यादीत हजर.

मेसेजवाल्यांच्या बाजूने एक प्रकरण मात्र मांडायला हवं. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अपडेटबरोबर जुने, कच्चे बूटलोडर अडवणारा एसबॅट नावाचा नियम आला. ड्युअल बूट मशीनना तो लागू होणार नाही असं कंपनी म्हणत होती. पण काही ड्युअल बूट मशीन तिला ओळखताच आली नाहीत आणि त्यांच्यावर लिनक्स सुरू होईना. चूक सरळसरळ मायक्रोसॉफ्टची. तरीही तेव्हा कोणाचं लिनक्स पुसलं गेलं नव्हतं. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समध्ये शिरून एका आज्ञेने तो नियम काढायचा आणि सिक्युअर बूट परत चालू करायचं, एवढंच काम होतं.

सिक्युअर बूट ‘कायमचं बंद’ हे त्यातूनच पसरलं असावं. उबुंटू आणि फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांत सर्वांत आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, म्हणजे शिमवर, मायक्रोसॉफ्टची सही असते, त्यामुळे ती सिक्युअर बूट चालू ठेवूनही सुरू होतात. अडतं ते एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डासारख्या बाहेरच्या ड्रायव्हरवर. इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठेवायला सांगतात आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर तो विचारतात. आपण घाईत ‘पुढे चला’ करतो आणि मग ड्रायव्हर चालत नाही म्हणून बोंब मारतो.

डिस्क न दिसण्यामागे बंदी वगैरे काही नसते. बऱ्याच लॅपटॉपांत स्टोरेज इंटेलच्या आरएसटी मोडवर असतं आणि लिनक्सच्या इन्स्टॉलरला बहुतेकदा एएचसीआय लागतं; डिस्कशी बोलण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती. पण बायॉसमध्ये (यूईएफआयच्या सेटिंगलाही लोक बायॉसच म्हणतात) जाऊन थेट मोड बदललात तर विंडोज निळी स्क्रीन दाखवेल. आधी विंडोजमध्ये पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये (फक्त गरजेपुरत्या ड्रायव्हरवर) सुरू होण्याची खूण करा, रीस्टार्ट करताना बायॉसमध्ये एएचसीआय निवडा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा येऊ द्या, मग खूण काढा.

आणि इथेच खरा धोका आहे, ज्याचा मेसेजमध्ये उल्लेखसुद्धा नाही. बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल आणि तुम्ही बायॉसमध्ये असे बदल केलेत, तर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर साठवलेली असते. पण ते अकाउंट दुकानदाराने भलत्याच ईमेलने उघडलं असेल तर तुमचा डेटा तुमच्याच डिस्कवर बंदिस्त. म्हणून की आधी कागदावर उतरवा, बॅकअप घ्या, मगच पेनड्राइव्ह लावा. या एका बाबतीत मेसेजपेक्षा मी जास्त घाबरवायला तयार आहे.

निम्मा वेग? एका वेळी एकच सिस्टिम चालते. दुसरी त्या वेळी डिस्कवर पडलेल्या फाइलींपलीकडे काही नसते. जागा मात्र वाटली जाते, आणि डिस्क काठोकाठ भरली तर मशीन रेंगाळणारच. ते एकट्या विंडोजवरही होतं.

राहिला सेल. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहितं, विंडोज तीच वेळ स्थानिक समजतं. लिनक्समधून विंडोजमध्ये आलात की भारतात घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे. मरायला टेकलेला सेल इतका हिशेबी नसतो. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगणारी एक आज्ञा दिली की झालं. माझ्या भाच्याने हे कळण्याआधी दुकानात जाऊन सेल बदलून घेतला होता. घरी आला, विंडोज सुरू केलं, तर घड्याळ तसंच साडेपाच तास मागे.