चॉकवेलचा समुद्र: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

इंग्लंडमध्ये थेम्सच्या मुखाजवळ, साउथएंड शहरात असलेल्या चॉकवेल या रेल्वे स्थानकावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया वाचून उत्तर द्यायला मी चार दिवस घेतले, कारण पहिल्या दिवशी जे लिहिले असते ते नंतर मलाच वाचवले नसते.

वर्षाबाबत आपले बरोबर आहे. चॉकवेल स्थानक 11 सप्टेंबर 1933 रोजी सुरू झाले, 1934 मध्ये नव्हे. शेजारचे ली-ऑन-सी स्थानक आजच्या जागी आले ते 1934 च्या पहिल्या दिवशी, आणि माझ्या टिपणांत या दोन तारखांची सरमिसळ झाली होती. लेखात दुरुस्ती केली आहे. आपले आभार मानतो आणि ते मनापासून मानतो.

पण आपली प्रतिक्रिया या दुरुस्तीसाठी लिहिलेली नाही. मी चॉकवेलला "समुद्रकाठचे स्थानक" म्हटले, यावर तिचा रोख आहे. आपले वाक्य असे आहे: "समोर थेम्स नदी वाहते, ओहोटीला चिखल दिसतो, आणि दोन दिवसांच्या सहलीवर आलेल्या लेखकाला तिथे समुद्र दिसतो." या वाक्यात एक भूगोलाचा मुद्दा आहे आणि एक माणसाला हिणवण्याचा. भूगोलाचा मुद्दा सभ्य शब्दांत मांडता आला असता. ज्या लेखकाशी आपली ओळख नाही, त्याच्या मुक्कामाचे दिवस आपण कसे मोजले, हे मला कळलेले नाही.

मी तिथे सहा वर्षे राहिलो. रोज सकाळी चॉकवेलला गाडी पकडून सुमारे 34 मैलांवरच्या, लंडनमधल्या फेनचर्च स्ट्रीट स्थानकाला जात असे आणि अंधार पडल्यावर परतत असे. फलाट आणि किनारा यांच्यामध्ये एक भिंत आणि तिच्यालगतची पायवाट, एवढेच अंतर आहे. हिवाळ्यात भरतीच्या वेळी दक्षिणेचा वारा सुटला की भिंतीवर फुटणाऱ्या लाटांचे तुषार चष्म्यावर येत आणि वाळल्यावर त्यांचे पांढरे ठिपके राहत. ते मीठ होते. नदीचे पाणी असे ठिपके ठेवत नाही.

आपण क्रो स्टोनचा दाखला दिला आहे: हा दगड थेम्सची हद्द दाखवतो, तो स्थानकाच्या पूर्वेला आहे, म्हणून स्थानक नदीवरच येते. दगड पूर्वेला आहे हे खरे, मी त्याच्याजवळून असंख्य वेळा चालत गेलो आहे. पण तो कोणाची हद्द दाखवतो? रिचर्ड पहिला या राजाने 1197 मध्ये थेम्सवरचे हक्क लंडन शहराला पैसे घेऊन दिले. त्या हक्कांची पूर्वेकडची सीमा म्हणजे या दगडापासून पलीकडच्या केंट किनाऱ्यावरील यांटलेट खाडीजवळच्या लंडन स्टोनपर्यंत ओढलेली रेषा. आजचा ग्रॅनाइटचा स्तंभ 1837 चा आहे. त्याआधीचा, 1755 चा दगड साउथएंडच्या प्रायरी पार्कमध्ये नेऊन ठेवला आहे. ही अधिकाराची रेषा आहे, कर आणि मासेमारी कोणाच्या ताब्यात हे सांगणारी. पाणी कुठे गोडे आणि कुठे खारे हे ठरवण्यासाठी ती कोणी आखलेली नाही. नगरपालिकेची हद्द संपते तिथे पाऊस थांबत नाही, हे आपल्यालाही मान्य असावे.

आणि ज्याला आपण "चिखल" म्हणून एका शब्दात झटकून टाकले, त्या चिखलाविषयी. ओहोटीला इथले पाणी मैलभराहून अधिक मागे सरते. साउथएंडचा धक्का 1.33 मैल लांब बांधावा लागला तो यामुळेच, कारण आखूड धक्का ओहोटीत कोरडा पडे आणि बोटी लागत नसत. त्या उघड्या पडलेल्या तळावर जे गवत उगवते ते सागरी गवत आहे. ते खाण्यासाठी शरद ऋतूत सैबेरियाहून ब्रेंट नावाचे काळसर कलहंस येतात. त्याच पाण्यातल्या, आपल्या कोकणातल्या तिसऱ्यांची आठवण करून देणाऱ्या कॉकल शिंपल्यांवर लीच्या कोळ्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या चालली. सागरी गवत आणि कॉकल नदीच्या गोड्या पाण्यात सापडत नाहीत.

माझा जन्म दाभोळचा. वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते त्या काठावर मी वाढलो, धोपाव्याला जाणाऱ्या तरीत बसून मामाकडे गेलो. नदी, खाडी आणि समुद्र यांतला फरक मला शाळेत शिकवावा लागला नाही. खाडीत समोरच्या काठावरची घरे मोजता येतात. चॉकवेलच्या फलाटावरून केंटचा किनारा स्वच्छ हवेत धूसर रेघेसारखा दिसतो आणि धुक्यात दिसतच नाही. तिथल्या लोकांनी आपल्या गावांना ली-ऑन-सी आणि साउथएंड-ऑन-सी, म्हणजे 'समुद्रकाठचे' ली आणि साउथएंड, अशी नावे दिली आहेत. त्या सर्वांनाही आपण सहलीला आलेले समजता काय?

"असल्या उपनगरी स्थानकावर लेख कशाला" या प्रश्नाला एवढेच सांगतो की रूळ 1856 पासून इथून जात होते आणि स्थानक 77 वर्षांनी आले, तोवर किनाऱ्यालगत घरे उभी राहिली होती. ती वाढ हाच लेखाचा विषय होता आणि आपण शेवटपर्यंत वाचले असते तर तो दिसला असता. तिकिटाचे दर, छायाचित्रांचा अभाव आणि लेखाची लांबी यांविषयी मला काही म्हणायचे नाही. लेखातले "समुद्रकाठचे स्थानक" हे शब्द मी बदललेले नाहीत.